संकरातून उरलेला वंश

'संकर' हा शब्द मराठी कानाला कधीच निर्मळ वाटलेला नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन श्रीकृष्णापुढे ज्या अनर्थांची मालिका उभी करतो, तीत वर्णसंकराचे भय आहे. धर्मशास्त्रकारांनी तर संकराने उत्पन्न होणाऱ्या जातींची लांबलचक कोष्टकेच रचून ठेवली. पुढे १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण भारतात प्रसृत झाले, कणसे भरली, कणग्याही भरल्या. पण खेड्यातल्या जुन्या माणसांनी त्या 'हायब्रीड' शब्दाची रवानगी थेट शिव्यांत केली. अंगात दम नसलेले पोर दिसले की ते 'हायब्रीड'! ज्या धान्याने पोट भरले त्याचेच नाव हिणवण्यासाठी वापरावे, इतका शुद्धाचा अभिमान आपल्या मनात मुरलेला आहे.

हा अभिमान केवळ आपल्याच वाट्याला आला आहे असे मात्र नाही. युरोप-अमेरिकेतले निसर्गरक्षकही पुष्कळ काळ असेच बोलत असत. वन्य प्राण्याची एखादी जात राखावयाची म्हणजे तिचे रक्त राखावयाचे. त्यात दुसऱ्याचा थेंब मिसळला की ती जात गेली, असे त्यांचे साधे सूत्र. मी इतिहासाचा वाचक. प्राणिशास्त्राशी माझा परिचय ग्रंथांपुरता. परंतु एकोणिसाव्या शतकातील देवमाशांच्या शिकारीचा इतिहास चाळताना मला अशा एका प्रकरणाचा माग लागला, की ज्यात हे सूत्र अपुरे पडते. आणि त्यातला मुख्य दस्तऐवज सापडला आहे तो कासवांच्या रक्तात. ते प्रकरण मराठी वाचकांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

१

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या पश्चिमेस सुमारे हजार किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात, गालापागोस नावाचा ज्वालामुखी बेटांचा पुंजका आहे. १५३५ साली पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा पेरूकडे निघाला असता वारा पडला, प्रवाहाने गलबत भरकटले आणि ते ह्या बेटांना लागले. पाण्यासाठी तळमळणाऱ्या त्या धर्मगुरूने आपल्या बादशहाला जे पत्र धाडले, त्यात माणसाला पाठीवर घेऊन चालतील एवढ्या कासवांचा उल्लेख आहे. स्पॅनिश भाषेत 'गालापागो' म्हणजे कासव. बेटांना नाव पडले ते ह्या रहिवाशांवरूनच.

ही कासवे मुळात दक्षिण अमेरिकेच्या भूमीवरची. लाखो वर्षांपूर्वी त्यांचे कोणी पूर्वज प्रवाहाबरोबर तरंगत इथे आले. कासव पोहण्यात पटाईत नाही, पण ते बुडत नाही. मान वर काढून दिवसचे दिवस पाण्यावर राहू शकते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. एकेका बेटावर पोचलेली कासवे तिथेच वाढली आणि शेजाऱ्यांहून वेगळी होत गेली. उंच, दमट बेटांवर गवत भरपूर. तिथल्या कासवांची पाठ घुमटासारखी गोल. सखल, कोरड्या बेटांवर निवडुंगाचा पाला मान उंचावून तोडावा लागतो. तिथल्या कासवांची पाठ मानेपाशी खोगिरासारखी वर उचललेली आणि मान लांब. अशा पंधराच्या आसपास जाती तिथे झाल्या.

ह्यांतल्या तीन स्थळांची नावे आपल्याला लागतील. दक्षिणेकडचे फ्लोरियाना, ज्याला इंग्रज खलाशी चार्ल्स बेट म्हणत. उत्तरेकडचे लहानसे पिंटा. आणि सर्वांत मोठे इसाबेला, ज्याच्या उत्तर टोकाला वुल्फ नावाचा ज्वालामुखी आहे. फ्लोरियाना आणि पिंटा ह्या दोन्ही बेटांची कासवे खोगिरी पाठीची होती.

२

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज आणि अमेरिकन शिकारी गलबते देवमाशांच्या मागे पॅसिफिकमध्ये शिरली. त्या काळी दिवे देवमाशाच्या तेलावर जळत आणि एकेक सफर दोन-दोन, तीन-तीन वर्षे चाले. खारवलेले मांस आणि किडके बिस्कीट खाऊन खलाशी आजारी पडत. अशा लोकांना गालापागोसचे कासव म्हणजे देवाने पाठवलेला शिधा वाटला. त्याला दाणा नको, पाणी नको. उलटे करून तळघरात रचून ठेवले तरी महिनोन् महिने, कधी वर्षभर जिवंत राहते. आणि हवे तेव्हा ताजे मांस, वर उत्तम चरबी.

हे किती झाले ह्याचा हिशेब न्यूयॉर्कच्या मत्स्यालयाचे संचालक चार्ल्स हॅस्किन्स टाउनसेंड ह्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केला. शिकारी गलबतांच्या जुन्या रोजनाम्या त्यांनी धुंडाळल्या. १८३१ ते १८६८ ह्या काळात केवळ ७९ गलबतांनी १८९ फेऱ्यांत १३,०१३ कासवे उचलल्याचे त्यांना आढळले. अमेरिकन ताफ्यात शेकडो गलबते होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा एकूण लुटीचा लहानसा भाग ठरतो. एकूण एक ते दोन लाख कासवे गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातही खलाशांना हवी असत ती उचलता येतील अशी, किनाऱ्याजवळची आणि बेताच्या वजनाची. म्हणजे बहुधा अंडी घालण्यासाठी खाली उतरलेल्या माद्या. वंश बुडवण्याचा ह्याहून खात्रीचा मार्ग कोणी मुद्दाम योजूनही शोधला नसता.

रोजनाम्यांत जे घेतले त्याची नोंद आहे. जे टाकले त्याची नोंद ठेवण्याचे कोणाला कारण नव्हते. तरी एक साक्ष उरली आहे. १८१३ साली अमेरिकेचे आणि इंग्लंडचे युद्ध चालू असता कॅप्टन डेव्हिड पोर्टर 'एसेक्स' ही युद्धनौका घेऊन गालापागोसच्या पाण्यात इंग्रज शिकारी गलबतांवर टपून बसला होता. त्याने ती पकडली. लढाईसाठी डेक मोकळा करावा म्हणून इंग्रज खलाशांनी त्यावरची कासवे आधीच समुद्रात लोटली होती. काही दिवसांनी पोर्टरच्या माणसांना त्यांतली पन्नासेक कासवे पाण्यावर असहाय तरंगताना आढळली, आणि त्यांनी ती आनंदाने उचलून घेतली. हे सारे पोर्टरने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. वेगवेगळ्या बेटांवरच्या कासवांचे आकार निराळे असतात, हेही त्याने डार्विनच्या कितीतरी आधी टिपले होते.

इसाबेलाच्या उत्तर टोकाजवळचा बँक्स उपसागर हा शिकाऱ्यांचा आवडता मुक्काम. इतर बेटांवरून कासवे भरून गलबते तिथे येत. तेलाची पिंपे भरली, जागा उरली नाही, किंवा शत्रू दिसला, की कासवे पाण्यात. बहुतेक मेली असतील. काही मात्र तरंगत वुल्फ ज्वालामुखीच्या पायथ्याशी लागली आणि हळूहळू वर चढून गेली.

३

इकडे फ्लोरियानावर काय चालले होते? १८२० च्या ऑक्टोबरात एका शिकारी गलबताच्या खलाशाने गंमत म्हणून तिथे आग लावली आणि ती साऱ्या बेटावर पसरली. योगायोग असा की ह्या गलबताचे नावही 'एसेक्स'च. पोर्टरच्या युद्धनौकेशी त्याचा काही संबंध नाही. पुढच्याच महिन्यात एका देवमाशाने धडक देऊन ते फोडले, आणि ती हकीगत मेल्व्हिलच्या 'मोबी डिक' कादंबरीमुळे जगाला माहीत झाली. जळालेल्या बेटाची आठवण मात्र फारशी कोणी ठेवली नाही.

१८३२ साली इक्वेडोरने ही बेटे आपल्या ताब्यात घेतली आणि फ्लोरियानावर हद्दपार लोकांची वसाहत बसवली. १८३५ च्या सप्टेंबरात 'बीगल' गलबतातून चार्ल्स डार्विन तिथे आला, तेव्हा दोन-तीनशे माणसे बेटावर होती आणि त्यांचे मुख्य अन्न कासव हेच होते. तिथला कारभारी निकोलस लॉसन ह्याने डार्विनला सांगितले, की कुठलेही कासव समोर आणा, ते कोणत्या बेटावरचे हे मी बिनचूक सांगेन. उत्क्रांतीच्या इतिहासात ह्या वाक्याचे मोल फार आहे. डार्विनने त्या वेळी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, आणि पुढे प्रवासवर्णनात ते प्रांजळपणे कबूल केले. लॉसनची पारख सांगणारी खोगिरी पाठीची फ्लोरियानाची कासवे त्यानंतर पंधरा-एक वर्षांत संपली. १८५० च्या सुमारास ती जात नष्ट झाली असे सर्व ग्रंथांत नमूद आहे.

पिंटाची कथा थोडी लांबली. १९०६ साली कॅलिफोर्नियाच्या विज्ञान अकादमीच्या मोहिमेला तिथे तीन कासवे सापडली. त्यानंतर पिंटा ओसाड समजले गेले. १९५९ मध्ये कोळ्यांनी तिथे तीन बकऱ्या सोडल्या, त्यांची संख्या हजारोंवर जाऊन बेटावरची हिरवळ फस्त झाली. अशा त्या बेटावर १९७१ साली शंखशिंपल्यांचा एक हंगेरियन अभ्यासक, योजेफ वागवोल्गी, ह्याला एक नर कासव दिसले. तोच पुढे जगप्रसिद्ध झालेला 'एकाकी जॉर्ज'. त्याला सान्ता क्रूझ बेटावरच्या संशोधन केंद्रात आणले, जोडीदारणीचा शोध सुरू झाला. पिंटाची एकही मादी मिळाली नाही. अखेर वुल्फ ज्वालामुखीवरच्या दोन माद्या त्याच्या सोबतीला ठेवल्या. २००८ साली अंडी झाली, पण ती फोल निघाली. २४ जून २०१२ रोजी जॉर्ज वारला, आणि वृत्तपत्रांनी लिहिले की पिंटाचा वंश संपला.

४

आता रक्ताकडे वळू. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात येल विद्यापीठातील अदाल्जिसा काकोने, जेफ्री पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटोबेटींच्या कासवांच्या रक्ताचे नमुने घेऊन डीएनए वाचण्याचे काम हाती घेतले. एका बेटाची कासवे एका घराण्याची, असा हिशेब बहुतेक ठिकाणी जुळत गेला. वुल्फ ज्वालामुखीवर तो चुकू लागला. तिथल्या काही कासवांची पाठ घुमटी, काहींची खोगिरी. आणि काहींच्या रक्तातली नोंद ज्ञात असलेल्या कुठल्याच जिवंत घराण्याशी मिळेना.

डीएनएत दोन प्रकारची दप्तरे असतात, असे ढोबळपणे म्हणता येईल. एक केवळ आईकडून मुलांना मिळते; त्यावरून आजोळ कळते. दुसरे आईबापांकडून निम्मे-निम्मे येते. त्यावरून मिश्रणाचे प्रमाण कळते. पण तुलनेसाठी मूळ नमुना हवा, आणि फ्लोरियानाची कासवे तर दीड शतकापूर्वी संपलेली. तो नमुना संग्रहालयांत निघाला. फ्लोरियानाच्या लाव्हाच्या गुहांत पडून मेलेल्या कासवांची हाडे जुन्या संशोधकांनी नेऊन ठेवली होती. त्या हाडांतून डीएनए काढून २००८ साली मेळ घातला, तेव्हा वुल्फवरच्या त्या अनोळखी कासवांचे कुळ लागले. ती फ्लोरियानाची वंशज होती. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, तिथल्याच २७ नमुन्यांत एक कासव असे आढळले होते, की ज्याच्या आईबापांपैकी एक जण पिंटाचा होता.

२००८ च्या डिसेंबरात मोठी मोहीम निघाली आणि वुल्फवरच्या सोळाशेंहून अधिक कासवांचे रक्त घेतले. जानेवारी २०१२ मध्ये निष्कर्ष आले: ८४ कासवे अशी होती, की ज्यांच्या आईबापांपैकी एक जण निर्भेळ फ्लोरियानाचा असला पाहिजे. त्यांतली ३० कासवे पंधरा वर्षांच्या आतली होती. म्हणजे ग्रंथांनी १८५० साली मारून टाकलेल्या जातीचा निदान एखादा शुद्ध प्रतिनिधी १९९० नंतरही त्या डोंगरावर हिंडत होता. कासव शंभराहून अधिक वर्षे जगते हे लक्षात घेता, तो आजही तिथे कुठे काटेरी झुडपांत असू शकेल. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, जॉर्जला जाऊन पाच महिने होतात न होतात तोच, पिंटाच्या रक्ताची १७ मिश्र कासवे वुल्फवर असल्याचे जाहीर झाले. ज्या डोंगरावरून जॉर्जसाठी परक्या माद्या आणल्या, त्याच डोंगरावर त्याचे गोतावळ्यातले लोक राहत होते!

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ह्यात विशेष वाटते ते असे. गलबतांच्या रोजनाम्यांत जे पान कोरे होते, ते कासवांच्या रक्ताने भरून काढले. पोर्टरची साक्ष एकटी असती तर तिला आख्यायिका म्हणून बाजूला सारता आले असते. दोन निरनिराळ्या बेटांचे, आणि तेही किनारा गाठण्यास सोप्या अशा दोन बेटांचे, रक्त एकाच उपसागराच्या काठी सापडावे, हा योगायोग नव्हे. ही खलाशांच्या हातांची खूण आहे.

५

येथवरची कथा वाचून कोणी म्हणेल, संकर भला, मग शुद्धतेचा एवढा आग्रह हवा कशाला? तसे म्हणण्याआधी कॅरिबियन समुद्राकडे एकदा पाहावे. तिथल्या लहान बेटांवर एक स्थानिक इग्वाना राहतो. शास्त्रज्ञ त्याला 'डेलिकाटिसिमा' म्हणतात. त्याचा मोठा चुलतभाऊ, हिरवा इग्वाना, माणसांबरोबर आणि व्यापाराबरोबर बेटांवर पसरला, कधी वादळाबरोबरही. १९९५ च्या चक्रीवादळांनंतर उन्मळलेल्या झाडांच्या तराफ्यावर बसून निदान पंधरा हिरवे इग्वाना अँग्विला बेटाला लागल्याची नोंद आहे. हे दोघे भेटले की त्यांची संतती होते, ती पुढेही प्रसवते, आणि हिरव्यांची संख्या आणि अंडी अधिक असल्यामुळे दोन-चार पिढ्यांत स्थानिक वंश त्यांच्यात विरघळून जातो. ग्वादलूपजवळच्या ले सेंत बेटांवरून तो असाच गेला. क्यूबाच्या झापाता दलदलीतली मगर अमेरिकन मगरीत मिसळून जाण्याच्या धोक्यात आहे, तीही ह्याच वाटेवर.

आणि तिसराही प्रकार आहे. गालापागोसमध्येच दक्षिण प्लाझा नावाच्या चिमुकल्या बेटावर समुद्रात चरणारा इग्वाना आणि जमिनीवरचा इग्वाना ह्यांची क्वचित मिश्र पिल्ले होतात. त्यांना निवडुंगावर चढता येते, ती धडधाकट दिसतात. पण त्यांच्यापासून पुढे वंश चालल्याचे दिसून आलेले नाही. तिथे संकर एका पिढीत संपतो, कोणाचे काही जात नाही.

तेव्हा संकर बरा की वाईट, हा प्रश्नच मोघम आहे. दोन वंशांपैकी विरळ कोणता, आणि मिसळल्याने तो बुडतो की तगतो, हे पाहावे लागते. कॅरिबियनमध्ये मूळ वंश अजून जिवंत आहे आणि मिश्रण त्याला गिळत आहे. तिथे पहारा हवा, हिरवे इग्वाना पकडून दूर करणे हवे. वुल्फवर मूळ घराणे आपल्या बेटावरून केव्हाच गेले आहे आणि मिश्रणातच त्याचे उरलेसुरले धन आहे. तिथे मिश्र कासवांना हुसकावणे म्हणजे शेवटचे दप्तर जाळणे. गालापागोसमध्येच ह्या दोन्ही नीती शेजारी शेजारी नांदतात. एस्पान्योला बेटाची केवळ चौदा कासवे उरली होती; ती आणि सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेला दिएगो नावाचा नर ह्यांच्यापासून सुमारे दोन हजारांचा वंश उभा राहिला. तिथे मूळ रक्त हाती होते, म्हणून परत सोडलेल्या कासवांत २००७ साली पिंझोन बेटाचा वारसा असलेले एक मिश्र कासव आढळले तेव्हा तो काळजीचा विषय झाला, आणि ते योग्यच होते.

६

२०१५ च्या नोव्हेंबरात वुल्फवरून ३२ कासवे हेलिकॉप्टरने उचलून जहाजातून सान्ता क्रूझला आणली. जो प्रवास त्यांच्या पूर्वजांना उलटे टांगून घडवला होता, त्याचीच ही परतफेड म्हणावी. २०१७ पासून फ्लोरियानाचा वारसा असलेल्या मिश्र कासवांची पैदास सुरू झाली. २०२० च्या जानेवारीत आणखी एका मोहिमेत फ्लोरियानाच्या रक्ताची २९ आणि पिंटाचा थेट वारसा असलेली एक तरुण मादी मिळाली. फ्लोरियानावरचे उंदीर आणि रानमांजरे ह्यांचा नायनाट करण्याचे काम २०२३ साली हाती घेतले गेले. कारण अंडी आणि पिल्ले खाणारे शत्रू तिथेच राहिले, तर कासवे नेऊन काय उपयोग?

ह्यात जो निर्णय गुंतलेला आहे तो मला फार मोलाचा वाटतो. निवडून निवडून जोड्या लावल्या तर फ्लोरियानाच्या रक्ताचे प्रमाण पिढीगणिक वाढवता येईल. पण कासव वयात येण्यास वीस-पंचवीस वर्षे लागतात. चार पिढ्या म्हणजे एक शतक. तोवर बेट रिकामे. कासव हे त्या बेटावरचे गुरू-ढोर आहे, माळी आहे; ते गवत राखते, वाटा पाडते, बिया इकडून तिकडे नेते. ते नसेल तर रान कोंडते. पिंटावर तर ह्याच कारणासाठी २०१० साली ३९ मिश्र कासवे वंध्य करून सोडली होती: काम करावे, पण वंश वाढवू नये, अशा बेताने. शुद्धतेची धास्ती आणि बेटाची गरज ह्यांच्यात काढलेली ती तडजोड होती. फ्लोरियानासाठी ठरले ते तिच्या पलीकडचे: मिश्र संततीच बेटावर न्यावी, तिलाच तिथे प्रसवू द्यावे, आणि पुढची निवड त्या भूमीवर आणि काळावर सोपवावी.

मला हा निर्णय पटतो. मात्र त्यातून दोन चुकीचे धडे निघू नयेत. पहिला, शिकारी खलाशांनी नकळत उपकार केले, असा. लाखभर कासवे मारली गेली आणि मूठभर पाण्यात पडून वाचली. ह्यात उपकार कोणाचाच नाही, असला तर कासवाच्या न बुडण्याचा आहे. दुसरा, जात नष्ट झाली तरी कधीतरी रक्तातून परत आणता येते, असा. जे परत येत आहे ते अर्धेमुर्धे आहे. जे गुण वुल्फच्या डोंगरावर कोणाच्याही रक्तात उतरले नाहीत, ते कायमचे गेले. आणि ज्या बेटांची कासवे कोणी बँक्स उपसागरात टाकली नाहीत, त्यांच्यासाठी असा डोंगरही नाही.

निकोलस लॉसन आज असता आणि पैदास केंद्रातले एखादे पिल्लू त्याच्यापुढे ठेवले असते, तर ते कोणत्या बेटाचे हे त्याला पूर्वीच्या खात्रीने सांगता आले नसते. पाठ थोडी उचललेली, थोडी गोल. अर्धे फ्लोरियाना, अर्धे वुल्फ. पण त्या पिल्लाची पिल्ले फ्लोरियानाच्या निवडुंगाखाली वाढतील, त्यांची पिल्लेही तिथेच वाढतील, आणि पुष्कळ पिढ्यांनी कोणा नव्या लॉसनला त्यांची पाठ पाहून बेटाचे नाव पुन्हा सांगता येईल. ते पाहावयास आपल्यापैकी कोणी नसेल. कासवांच्या हिशेबात मात्र तो काळ फार मोठा नाही.